पाचवी ते आठवीचं विज्ञान मुलांच्या हातात कसं द्यायचं (लॅब नसली तरी)

विज्ञानाच्या तासाला प्रयोग होतच नाहीत असं नाही. होतात, पण कसे, तर सर किंवा मॅडम टेबलावर करतात, पुढच्या दोन बाकांना दिसतं, मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात, आणि शेवटी साहित्य-कृती-निरीक्षण-निष्कर्ष असं फळ्यावरून उतरवून घेतलं की झाला प्रयोग. निष्कर्ष तर पुस्तकात आधीच छापलेला असतो. मग पोरांनी नेमकं काय केलं? उतरवलं.

पुढे जे लिहिलंय ते अशा शिक्षकांसाठी ज्यांच्या वर्गात ३५-४० मुलं आहेत, लॅब म्हणजे एक कुलूपबंद कपाट आहे आणि सामानाला बजेट जवळपास शून्य आहे. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आणि सहावीपासून सामान्य विज्ञान असं असलं तरी पद्धत तीच चालते, फक्त लहानांना मोजमाप कमी द्यायचं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रयोगात मुलं शिकतात ती दोन ठिकाणी, एक म्हणजे प्रयोगाआधी जेव्हा ती अंदाज बांधतात, आणि दुसरं म्हणजे प्रयोगानंतर जेव्हा अंदाज आणि आकडा जुळत नाही आणि ती आपापसात भांडतात. मधे सामान हाताळलं जातं ते महत्त्वाचंच, पण नुसतं तेवढंच केलं तर ते हस्तकला होतं. म्हणून एका सत्रात वीस प्रयोग उरकण्यापेक्षा पाच-सहाच घ्या, पण प्रत्येकाला पुरेसा वेळ द्या.

आधी वेळ मिळवा

३५ मिनिटांच्या तासात प्रयोग होत नाही. सामान वाटायला आठ-दहा मिनिटं, आवरायला तेवढीच, मधे राहतं काय? जून महिन्यात वेळापत्रक ठरतानाच मुख्याध्यापकांकडून आठवड्यातून एक जोडतास मागून घ्या, नंतर मागितला तर मिळत नाही. शक्यतो मधल्या सुट्टीच्या लगेच आधीचा घ्या, म्हणजे पाच मिनिटं वर गेली तर पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहणार नाहीत. जोडतास मिळालाच नाही तर एका तासाला अंदाज आणि मांडणी, दुसऱ्या तासाला प्रत्यक्ष प्रयोग, असं तोडा. अंदाज लिहून घरी गेलेली पोरं दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी उतावीळ होऊन येतात, तोही एक फायदाच.

सामान

रेडिमेड किट आलं असेल तर उघडून बघा, त्यातलं भिंग आणि चुंबक कामाचं असतं. बाकी सगळं बाजारातून आणि घरातून जमतं. हार्डवेअरच्या दुकानातून एकाच मापाचे नट पन्नासेक, सुतळी आणि जाड दोरा, स्ट्रॉ, मोजपट्ट्या, औषधाच्या बाटल्यांची मापाची झाकणं, पारदर्शक प्लॅस्टिकचे ग्लास, मेणबत्त्या, पसरट ताटल्या, सेल, वायर, एलईडी. मुलांना "उद्या घरून आणा" असं सांगू नका, किंवा सांगायचं तर दोनच गोष्टींबद्दल सांगा, कारण निम्मी विसरतात आणि ज्यांच्या घरी ती वस्तू नसते त्यांना उगाच ओशाळल्यासारखं होतं.

प्रत्येक गटाचा एक डबा करा. मिठाईचे किंवा नानकटाईचे प्लॅस्टिकचे डबे चालतात. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवा, नट १०, दोरा १, पट्टी १ असं. तास संपताना गटाने यादीप्रमाणे मोजून डबा परत द्यायचा. हे बारीक वाटतं पण याच्यावरच सगळं टिकतं, दिवाळीपर्यंत नट संपले की शिक्षक पुन्हा टेबलावर प्रयोग दाखवायला लागतो.

कल्पना कमी पडत असतील तर अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी बघा, आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं हेच करत होता, त्यांच्या साइटवर सगळं फुकट आहे आणि मराठीतही बरंच आहे. मुंबईच्या मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, त्यांचंही प्राथमिकचं साहित्य चांगलं आहे. पण व्हिडिओ पोरांना दाखवू नका, तुम्ही बघा. पोरांनी व्हिडिओ बघितला की उत्तर कळलं, आणि उत्तर कळलं की अंदाजात जीव राहत नाही.

गट

चार किंवा पाच. सहावा असला की तो खिडकीबाहेर बघतो. कामं चार ठरवायची: सामान हाताळणारा, वेळ किंवा माप घेणारा, लिहिणारा, आणि एक शंका काढणारा, ज्याचं कामच "हे बरोबर मोजलं का?" असं विचारायचं. शंका काढणाऱ्याची पोस्ट पोरांना भयंकर आवडते.

कामं दर वेळी फिरवायची, आणि इथे जरा सक्ती करावी लागते. सोडून दिलं तर काय होतं ते कुठल्याही वर्गात बघा, सामान मुलगे ओढून घेतात आणि "तुझं अक्षर चांगलंय" म्हणून वही मुलीच्या हातात जाते, ती वर्षभर वहीच धरते. हे आपोआप सुधारत नाही. डब्यावरच नावांची चिठ्ठी लावा, या आठवड्यात कोण काय.

वहीत काय लिहायचं

साहित्य-कृती वगैरे परीक्षेपुरतं ठेवा. प्रयोगाच्या वहीत चार शीर्षकं: मला काय वाटतं (आणि का), आम्ही काय केलं, काय दिसलं, आता काय वाटतं. पहिलं पेननं लिहायचं, पेन्सिलीनं नाही, कारण पेन्सिलीनं लिहिलं की प्रयोग झाल्यावर गुपचूप खोडून "बरोबर" अंदाज लिहिला जातो. चुकलेल्या अंदाजाला मार्क कापायचे नाहीत हे पहिल्या दिवशीच मोठ्याने सांगा, आणि मग खरंच कापू नका. "का" मात्र सोडू नका. नुसतं "जड नट हळू हलेल" एवढं चालणार नाही, "कारण जड माणूस हळू चालतो" असं काहीतरी यायला हवं, कितीही येडपट असलं तरी. त्या कारणातच कळतं की पोराच्या डोक्यात काय चाललंय.

पहिला प्रयोग दोलकाचाच घ्या

का, तर स्वस्त आहे, जळत नाही, सांडत नाही, आणि आकडे इतके स्वच्छ येतात की पोरांचा मोजण्यावर विश्वास बसतो. सहावीपासून पुढे कुठेही चालतो.

बाकाच्या कडेला एक पट्टी चिकटपट्टीनं अशी लावा की तिचं टोक बाहेर येईल, टोकाला दोरा बांधा, खाली एक नट. टांगल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत २५ सेंमी. मध्यापर्यंत, हे लक्षात ठेवा, गाठीपर्यंत नाही. आता प्रश्न टाका: झोका लवकर पूर्ण व्हावा म्हणून काय बदलाल? फळ्यावर सगळं लिहून घ्या. साधारण तीनच उत्तरं येतात, नट वाढवू, जास्त लांबून सोडू, दोरा बदलू. प्रत्येकावर हात वर करून मतं मोजा आणि आकडा फळ्यावर तसाच राहू द्या. बहुतेक वर्गांत वजनाला सगळ्यात जास्त मतं पडतात.

मग एका झोक्याचा वेळ मोजायला सांगा. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एकाच गटात ०.८, १.३, १.१ असं काहीही येईल, कारण बोटाला बटण दाबायला वेळ लागतो. इथे थांबा. उपाय तुम्ही सांगू नका, "काय करूया?" एवढंच विचारा, कुणीतरी म्हणतंच की दहा झोके मोजू आणि दहानं भागू. ही युक्ती पोरांनी शोधली तर वर्षभर वापरतात, तुम्ही सांगितली तर पुढच्या तासाला विसरतात.

मोजताना एक ठरलेली गडबड होते. नट सोडतानाच पोरं "एक" म्हणतात, म्हणजे दहा म्हणेपर्यंत झोके नऊच झालेले असतात. सोडताना "शून्य" म्हणायचं, आणि जाऊन परत आला की एक. हे आधी सांगायचं की गटागटांत फरक पडू द्यायचा हे तुम्ही ठरवा, माझं मत पडू द्यावा असं आहे, कारण फळ्यावर सात गटांचे आकडे आले आणि दोघांचे ९ सेकंद आणि बाकीच्यांचे १० की मग पोरंच शोध घेतात.

२५ सेंमीला दहा झोक्यांना १० सेकंद लागतात. ५० सेंमीला साधारण १४. १०० सेंमीला २०. आता गंमत ही आहे की लांबी चौपट केली तरी वेळ दुप्पटच होतो, आणि १०० चा प्रयोग करण्याआधी अंदाज विचारला तर बरीच पोरं छातीठोकपणे ४० सांगतात. १०० सेंमीसाठी बाक पुरत नाही, दाराच्या चौकटीला किंवा खिडकीच्या गजाला टांगा. वर्गमूळ आठवीला सांगता येईल, सहावीला फक्त आलेख काढू द्या आणि रेष सरळ का येत नाही यावर चर्चा होऊ द्या.

वजनाचा भाग करताना मात्र एक सापळा आहे, आणि तो मोठ्या माणसांनाही कळत नाही. पोरं दुसरा नट पहिल्याच्या खाली बांधतात, तिसरा त्याच्या खाली, माळेसारखे. त्यामुळे वजनाबरोबर दोलकाची लांबीही वाढते, २५ चे २७ सेंमी झाले तरी दहा झोक्यांना ०.४ सेकंद जास्त लागतात, आणि सगळा गट आनंदाने लिहितो की "वजन वाढलं की झोका हळू होतो". नट एकाच गाठीत शेजारी-शेजारी अडकवायचे, माळ करायची नाही. पण तुम्ही आधी सांगू नका! एका गटाची माळ आणि दुसऱ्याचा झुपका असेल तर दोन निष्कर्ष येतील, दोन्ही गटांना समोरासमोर आणा आणि शंका काढणाऱ्यांना कामाला लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे वाक्य पाठ करून घेण्यापेक्षा हे भांडण दहापट उपयोगाचं आहे.

किती लांबून सोडायचं याचंही तसंच. दोन बोटं नेलं काय आणि चार बोटं नेलं काय, लहान कोनात फरक कळत नाही. पण एखादा पठ्ठ्या ६० अंशापर्यंत नेऊन सोडतो आणि म्हणतो फरक पडतो. त्याचं बरोबर आहे, ६० अंशाला वेळ सुमारे ७ टक्के वाढतो. "पुस्तकात फरक नाही म्हटलंय" असं म्हणून त्याला गप्प करू नका.

हळद आणि जास्वंद

आम्ल-आम्लारीचा धडा लिटमसशिवाय होतो, आणि जास्त चांगला होतो. पांढऱ्या शर्टावर वरणाचा डाग पडला आणि साबण लावला की डाग लाल होतो हे प्रत्येक पोरानं घरी बघितलेलं असतं, फक्त त्याला कुणी विज्ञान म्हटलेलं नसतं. कुंकूसुद्धा परंपरेनं हळद आणि चुन्यापासूनच बनतं. इथूनच सुरू करा.

हळद पाण्यात कालवून जाडसर पेस्ट करा, ड्रॉइंगच्या कागदावर ब्रशनं किंवा कापसानं लावा, सावलीत वाळवा, बोटाएवढ्या पट्ट्या कापा. हे काम आदल्या दिवशी पोरांकडूनच करून घ्या, जुनी वर्तमानपत्रं खाली अंथरून, नाहीतर बाकं आठवडाभर पिवळी राहतील. बाजारातल्या काही हळदीत रंग मिसळलेला असतो, तेव्हा आधी घरी साबणाच्या पाण्यात तपासून घ्या.

तपासायला द्यायचं काय: साबणाचं पाणी, धुण्याच्या सोड्याचं पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी, लिंबू, चिंचेचं पाणी, ताक, साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, साधं पाणी. बाटल्यांच्या झाकणात थोडं थोडं. पानाचा चुना वापरायचा असेल तर तुम्ही स्वतः पातळ करून वरची निवळीच द्या, चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, यात हलगर्जी नको. टॉयलेट क्लीनर, फिनेल, बॅटरीचं पाणी यातलं काहीही वर्गात आणायचं नाही, पोरांनी कितीही आग्रह केला तरी.

पट्टी लाल कशात होते, तर साबण, धुण्याचा सोडा, चुना. लाल झालेल्या पट्टीवर लिंबू पिळलं की परत पिवळी, हे बघून वर्गात हमखास आरडाओरडा होतो, होऊ द्या. खाण्याच्या सोड्यावर मात्र भांडण होतं, एक गट म्हणतो झाली लाल, दुसरा म्हणतो नाही, कारण तो सौम्य आम्लारी आहे आणि हळद जिथे रंग बदलते त्याच सीमेवर बसतो, पट्टी नारिंगीसर होऊन अडकते. निकाल देऊ नका. वहीत "नक्की सांगता येत नाही" असं लिहायला परवानगी आहे हे पोरांना या निमित्तानं कळतं.

आता खरा प्रश्न. लिंबाच्या पाण्यात पट्टी पिवळी, साध्या पाण्यात पिवळी, साखरेच्या पाण्यातही पिवळी. मग लिंबू आणि पाणी सारखंच का? विचारा आणि गप्प बसा. थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतं की हळदीला आंबट कळतच नाही. बरोबर! हळद फक्त आम्लारी ओळखते, आम्ल आणि उदासीन यातला फरक तिला सांगता येत नाही. मग दुसरा साक्षीदार हवा, आणि तो शाळेच्या कुंपणावरच असतो. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवल्या की गडद पाणी मिळतं. लिंबात ते गुलाबी-लाल होतं, साबणात हिरवट. आता दोन्ही वापरून गटाला तीन निनावी झाकणं द्या, एक आम्ल, एक आम्लारी, एक उदासीन, आणि ओळखायला सांगा. चव घ्यायची नाही, हा नियम दर वेळी परत सांगायचा, लिंबू असलं तरी, कारण आज लिंबू चाटणारं पोर उद्या दुसरं काही चाटेल. जास्वंदीचं पाणी दोन दिवसांत वास मारायला लागतं, ताजंच करा.

मेणबत्तीचा प्रयोग, जो बहुतेक जण चुकीचा शिकवतात

ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. आणि मग सांगितलं जातं की ऑक्सिजन जळून गेला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. ऐकायला छान आहे, पण पटणारं नाही, आणि सातवीतलं पोरसुद्धा ते पाडू शकतं, फक्त त्याला संधी द्यायला हवी.

तीन गोष्टी नीट बघायला सांगा. एक, पाणी कधी चढतं? मेणबत्ती जळत असताना हळूहळू, की विझल्यावर एकदम? बहुतांश पाणी विझल्यावर चढतं. दोन, ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडे बाहेर येतात का? येतात. तीन, एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर? पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन तर ग्लासात तेवढाच होता, मग जास्त का चढलं? इथे वर्ग पाच मिनिटं शांत होतो.

मुख्य कारण उष्णता आहे. ज्योतीनं हवा तापून फुगते, काही बुडबुड्यांतून निघून जाते, मेणबत्ती विझली की आत उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच, पण तो सगळा संपायच्या आधीच ज्योत विझते, आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, तेव्हा एक पंचमांशचा हिशेब इथे बसत नाही. परीक्षेत काय लिहायचं असं पोरं विचारतील. ज्योतीला जळायला हवा लागते एवढं या प्रयोगावरून बिनधास्त लिहिता येतं, तेवढंच लिहायला सांगा.

मेणबत्तीच्या तासाला केस बांधलेले, ओढण्या-स्कार्फ आत खोचलेले, प्रत्येक गटाजवळ पाण्याची बाटली, आणि काडी फक्त तुम्हीच पेटवायची. प्लॅस्टिकचा ग्लास इथे चालत नाही, काचेचाच लागतो, म्हणून गट कमी करून दोन फेऱ्यांत घ्या.

दोन छोटे, पटकन

विजेच्या धड्याला आता टॉर्चचे छोटे बल्ब सहज मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी, आणि तिथे शिक्षक अडकतात. लाल एलईडीला साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात, एक पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा, त्यामुळे एका सेलवर काही होत नाही आणि आपल्याला वाटतं माल खराब आहे. दोन सेल एकापुढे एक जोडा, मधे ४७ किंवा १०० ओहमचा छोटा रेझिस्टर टाका, आणि एलईडीचा लांब पाय प्लसकडे. उलटा लावला तर पेटत नाही, ते आधी सांगायचं नाही, शोधू द्यायचं. बटण सेल वापरू नका, धाकटी भावंडं गिळतात. आणि घरच्या प्लगमध्ये यातलं काहीही घालायचं नाही हे तास सुरू होताना आणि संपताना, दोन्ही वेळा सांगा.

मटकीला मोड आणणं तर घरोघरी चालतं, पण विचारून बघा की मोड यायला ऊन लागतं का, अर्धा वर्ग हो म्हणेल. भिजवलेली मटकी चार ग्लासांत ठेवा: ओल्या कापसावर उजेडात, ओल्या कापसावर खोक्यात अंधारात, पाण्यात पूर्ण बुडवून, आणि चौथ्यात न भिजवलेली कोरडी. अंधारातल्या मटकीला छान मोड येतात, आठवडाभर ठेवली तर रोपं लांबुळकी आणि पिवळट होतात. बुडवलेल्यांचा वास येतो. प्रत्येक ग्लासात दहा दाणे मोजून घाला, म्हणजे "आले" किंवा "नाही आले" ऐवजी "दहातले आठ" असं लिहिता येतं.

प्रयोग "फसला" तर

"असं यायला हवं होतं" हे वाक्य वर्गात उच्चारू नका. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर लिहा, वेगळा आलेला आकडाही लिहा, पुसू नका. मग त्या गटाला हिणवल्यासारखं न करता विचारा की तुम्ही काय वेगळं केलं होतं. कधी मोजण्यात चूक निघते, कधी दोरा ताणलेला असतो, कधी काहीच सापडत नाही आणि परत करून बघावं लागतं. वेळ नसेल तर प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर लिहून ठेवा, मधल्या सुट्टीत कुणी ना कुणी करून बघतंच.

आवाज होणार. शेजारच्या वर्गाला आणि मुख्याध्यापकांना आधी कल्पना द्या, जमलं तर व्हरांड्यात न्या.

आणि पोर्शन? हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. दोलकाच्या दोन तासांत मापन, सरासरी, आलेख, चल राशी एवढं होऊन जातं, जे एरवी तीन-चार ठिकाणी तुकड्यातुकड्यांनी शिकवावं लागतं. आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक/प्रयोग हे साधन आहेच, त्याचे गुण बहुतेक वेळा अंदाजपंचे टाकले जातात, ते इथून द्या. गुण उत्तराला नाही, वहीतल्या "का" ला आणि "आता काय वाटतं" ला. होशंगाबादला, मध्य प्रदेशात, १९७२ साली सोळा शाळांपासून प्रयोगांवर आधारित विज्ञान सुरू झालं होतं, तिथे परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवून लिहायची मुभा होती आणि प्रात्यक्षिक परीक्षाही असायची, सरकारी शाळांत हे २००२ पर्यंत चाललं. तेव्हा सरकारी शाळेत जमत नाही असं कुणी म्हटलं तर तीस वर्षं जमलेलं उदाहरण आहे. तुमच्या घटक चाचणीत एक तरी प्रश्न असा टाका: "एका गटाला हे आकडे मिळाले, त्यांनी कुठे चूक केली असेल?"

वर्षभर चालणारा एक: काठीची सावली

हा माझा सगळ्यात आवडता. ५० सेंमी उंचीची सरळ काठी, बादलीत वाळू भरून तिच्यात रोवा किंवा मैदानात गाडा, ओळंब्यानं सरळ आहे का बघा. काठी बादलीत असेल तर ५० सेंमी हे जमिनीपासूनच्या टोकाचं माप धरा. प्रश्न: सावली सगळ्यात लहान किती वाजता होईल? वर्ग एकमुखानं म्हणेल बारा वाजता.

साडेअकरा ते दीड दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा. सूर्याकडे बघायचं नाही, सावलीकडेच. मुंबईत सगळ्यात लहान सावली सरासरी १२:३८ च्या आसपास येते, पुण्यात १२:३५, नागपूरला १२:१४, कारण आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि आपण सगळे तिच्या पश्चिमेला आहोत, एका अंशाला ४ मिनिटं. वर्षभरात हे पंधराएक मिनिटं मागेपुढे होतं, फेब्रुवारीत उशिरा, नोव्हेंबरच्या सुरुवातीला लवकर.

नुसत्या लांबीवरून नेमकी वेळ पकडणं मात्र अवघड जातं, कारण त्या सुमारास सावली फार हळू बदलते. त्यापेक्षा काठीभोवती वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं ती वेळ आणि जागा, दुपारी परत टेकलं ती वेळ आणि जागा. दोन वेळांचा मध्य म्हणजे तुमची खरी मध्यान्ह, आणि दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. ही युक्ती कात्यायन शुल्बसूत्रात आहे, यज्ञाची वेदी आखायला वापरायचे. वर्तुळ आधी योग्य मापाचं आखा, सकाळी दहाच्या सुमारासच्या सावलीएवढी त्रिज्या घेतली की सकाळ-दुपार दोन्ही खुणा शाळेच्या वेळेत बसतात.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावलीच पडत नाही तो दिवस, आपल्या सगळ्या महाराष्ट्रात येतो, पण कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्याअखेर, मुंबई-पुण्याला मेच्या मध्यावर, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे सुट्टीत, आणि दुसऱ्यांदा येतो तेव्हा जुलै किंवा ऑगस्टची सुरुवात, आभाळ भरलेलं. म्हणून तो घरचा उद्योग म्हणून एप्रिलमध्येच समजावून द्या. शाळेत धरायच्या तारखा दोन: २२-२३ सप्टेंबर आणि २१-२२ डिसेंबर. पुण्यात ५० सेंमीच्या काठीची मध्यान्हीची सावली सप्टेंबरात साधारण १७ सेंमी आणि डिसेंबरात ४५ सेंमी येते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या ओळखीच्या शिक्षकाला आत्ताच फोन करून ठेवा, डिसेंबरात त्याच दिवशी त्यांच्या पोरांनीही मोजायचं. कोल्हापूरला ४२ च्या आसपास येईल, नागपूरला ४९. दोन्हीकडची काठी ५० सेंमीचीच हवी, हे त्यांना आठवणीनं सांगा.